रबरावरचं तेल

त्याला सगळे सांडशी म्हणत, आणि म्हणणाऱ्यांची त्यात काही चूक नव्हती. अंगाने हडकुळा, कोपरापासून पुढे जरा जास्तच लांब हात, आणि काम रोबोच्या पकडीचं. नव्या माणसाला काम समजावताना तो स्वतःच म्हणायचा, "शेगडीवरून तापलेलं भांडं उतरवायला काय लागतं? सांडशी. ही तीच. हात यंत्राचा, आणि अक्कल आपण घालायची." एकदा असं बोलून बसल्यावर नाव चिकटायला कितीसा वेळ लागणार? पुढे पुढे बायकोही रागावली की म्हणे, लोकांनी बरोबर नाव ठेवलंय, एकदा धरलं की सोडायचं माहीतच नाही.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सांडशीने मनात एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती, आणि ती त्याच्या साडूची होती.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात तो मुकादम होता. सांडशीला त्या कारखान्यात चिकटवलं त्यानेच, आणि हे उपकार त्याने कुणाला विसरू दिले नाहीत. माणूस भारदस्त, कपड्यांना कडक इस्त्री, आवाज असा की बोलायला लागला की चार जण हातातलं काम टाकून ऐकत. सांडशीच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला स्क्रू काढण्याची गत. त्यामुळे दोघं शेजारी उभे राहिले की लोक एकाचंच ऐकत.

कारखान्यात भट्टीतून निघालेल्या बरण्या थंड होत होत पट्ट्यावरून येत. पट्ट्याच्या टोकाला रोबो त्या एकेक करून उचलायचा आणि खोक्यात ठेवायचा. कधी उचलायची, किती आवळायची, कधी सोडायची हे सांगायचं काम कंट्रोलरचं. दिसायला ती एक साधी पेटी, जाडजूड पुस्तकाएवढी, राखाडी कपाटात बसवलेली. पट्ट्यावरचा सेन्सर तिला कळवतो की बरणी आली. पकडीतला सेन्सर कळवतो की धरली, किंवा घसरली. मग ती पकडीला हुकूम सोडते. यात सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे जोर. कमी पडला तर बरणी निसटते, जास्त झाला तर फुटते.

साडूचा हात जन्माचा आवळणारा. घरचा नळसुद्धा तो असा बंद करायचा की मागून येणाऱ्याला पक्कड शोधावी लागायची. एक दिवस पकडीची रबरं झिजली म्हणून बरण्या निसटायला लागल्या. सांडशी म्हणाला, लाइन थांबवून रबरं बदलू. साडूने त्याला बाजूला सारलं, लाइन थांबवायची नाही म्हणून बजावलं आणि स्वतःच्या हाताने जोर चढवला. थोड्याच वेळात एक बरणी पकडीतच फुटली. तेव्हा रोबोभोवती पिंजरा नव्हता, दार नव्हतं. शेजारी खोकी लावत उभ्या असलेल्या पॅकिंगच्या बाईच्या उजव्या तळव्यातून काच आरपार गेली. जखम भरली, पण त्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. ती डाव्या हाताने सगळं करायला शिकली, आणि तिचं नाव डावरी पडलं. जन्मतः ती डावरी नव्हती, हे हळूहळू लोक विसरूनही गेले.

चौकशी झाली. साडू सगळ्यांच्या देखत उसासा टाकून म्हणाला की पोरगा नवा आहे, घाई झाली, हातून गेलं. सगळ्यांच्या माना सांडशीकडे वळल्या. तो बोलायला उठलाही होता. पण आदल्या संध्याकाळी बायको त्याच्यापुढे रडली होती. ताईची मुलं लहान आहेत, भाऊजींची नोकरी गेली तर तिचं घर उघड्यावर येईल, तुम्हाला काय, दुसरीकडे कुठेही काम मिळेल. सांडशी मूग गिळून खाली बसला. काम गेलं. सामान घेऊन फाटकातून बाहेर पडताना डावरी समोरून येत होती, हात गळ्यात बांधलेला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि बाजूला थुंकली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी सांडशीने ते पोटात ठेवलं असतं. पण साडूला या प्रकरणातून एक विनोद सापडला. घरातलं कुठलंही जेवण असो, पंगत रंगात आली की तो म्हणायचा, "आमच्या साडूला काय हवं ते वाढा, पण हातात बरणी देऊ नका. आणि बायकांनो, जरा लांब बसा." सगळे हसायचे. बायकोही खाली मान घालून हसल्यासारखं करायची. वर्षानुवर्षं तोच विनोद, त्याच आवाजात. मग सांडशीच्या मुलीचं लग्न ठरलं, तिच्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली, आणि साडूने तिथेही तो सोडला. व्याही हसले. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, म्हणजे काय झालं होतं? साडूने मांडी बदलून, पाणी पिऊन, सगळं रंगवून सांगितलं. मुलीने बापाकडे बघितलं आणि पुन्हा ताटाकडे.

त्या दिवशी सांडशीने ठरवलं. माफी नको. माफी मागून हा माणूस पुन्हा मोठा होईल. याने त्याच कारखान्यात, चार लोकांत, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं की जोर मी चढवला. आणि म्हणताना त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय.

मधल्या काळात सांडशी एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागला होता. कारखान्या-कारखान्यांतून कंट्रोलर बसवून द्यायचे, पकडी जोडायच्या, सेन्सर लावून द्यायचे, हा त्यांचा धंदा. तिथे त्याचा हात बसला. एक दिवस वर्कशॉपच्या मालकाने जरा चाचरत विचारलं की बरण्यांच्या कारखान्यात नवा रोबो आलाय, कंट्रोलर आपण बसवायचाय, तुला तिथे जायला चालेल का? सांडशी इतक्या पटकन "चालेल" म्हणाला की मालकाने हातातला कप खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

साडू आता सगळ्या लाइनचा प्रमुख होता आणि निवृत्तीला आला होता. पण त्याला घरी बसायचं नव्हतं. नवी लाइन गिऱ्हाइकांसमोर नीट चालवून दाखवली तर कारखान्याच्या मालकीणबाई त्याला सल्लागार म्हणून ठेवून घेणार होत्या. त्यामुळे तो सध्या सगळ्यांशीच गोड होता. सांडशीला फाटकात बघून त्याने हात पसरले, घरचाच माणूस आला म्हणाला, आणि आजूबाजूच्या पोरांना सांगितलं की हे आमचे साडू, यांच्यापासून बरण्या सांभाळा. पोरं हसली. सांडशीही हसला. त्याला हसताना बघून साडू क्षणभर बिचकला खरा, पण लगेच विसरला.

सांडशीने काम मन लावून केलं. तारा कपाटात नीट ओळीने बांधल्या, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावली. पट्ट्यावरचा सेन्सर काचेवर बसवणं किचकट असतं. काच पारदर्शक, उजेड तिच्यातून आरपार जातो आणि सेन्सरला बरणी दिसतच नाही. त्याने सेन्सर तिरका केला, समोर परावर्तक लावला, बरणी ठेवून बघितली, काढून बघितली, कोरडी ठेवली, ओली करून ठेवली. पकड किती उघडायची ते पडद्यावर भरलं. मग रोबो हळू चालवला, मग भरभर. बरणी येई, पकड मिटे, हिरवा दिवा लागे, बरणी अलगद खोक्यात. एकही बरणी दचकली नाही. या वेळी रोबोभोवती जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याचा पिंजरा होता आणि पिंजऱ्याला दार. दारावर सेन्सर. दार उघडलं की रोबो जागच्या जागी थांबणार.

दोन गोष्टी मात्र त्याने जाणूनबुजून कमी-जास्त केल्या. जोर किती वाढवता येईल याला कंट्रोलरमध्ये एक वरची हद्द घालतात, म्हणजे कुणी कितीही बोट दाबलं तरी आकडा त्यापुढे जात नाही. ती हद्द त्याने मोकळी ठेवली. आणि गिऱ्हाइकं येणार त्या सकाळी पकडीच्या एका रबरावर चिंधीने तेलाचा पातळ हात फिरवला. दिसणार नाही इतका, पण मधूनच एखादी बरणी निसटेल एवढा. निसटलेली बरणी खालच्या फोमच्या तबकात पडेल, फुटणार नाही. पडद्यावर लाल अक्षरं येतील. शहाणा माणूस रबर पुसेल. साडू आवळेल. मग बरणी फुटेल, काच पिंजऱ्याच्या आत उडेल, कुणाला ओरखडाही यायचा नाही, आणि मालकीणबाई विचारतील की जोर कुणी चढवला. बाकीचं आपण विचारू.

चिंधी खिशात घालताना त्याला वाटलं कुणीतरी बघतंय. खोक्यांच्या चळतीपाशी डावरी उभी होती, अजून पॅकिंगलाच होती. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. डाव्या हाताने खोकं उचलून निघून गेली.

मालकीणबाई आल्या, मागोमाग गिऱ्हाइकं आली, एक फोटोवालाही आला. साडूने नवा शर्ट घातला होता. लाइन सुरू झाली. बरण्या एकामागून एक उचलल्या जाऊ लागल्या तशी गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या, आणि साडू असा उभा होता की जणू रोबो त्याच्या पोटचा. मग एक बरणी निसटली. पडदा लाल झाला, रोबो थांबला. साडू हसून म्हणाला की नवा आहे, पाहुण्यांना लाजतोय. पुन्हा सुरू केला, पुन्हा एक निसटली. आता मालकीणबाईंच्या कपाळावर आठी आली. साडूने पडद्यापाशी उभ्या असलेल्या पोराला खांद्याने बाजूला सारलं आणि जोराच्या आकड्यावर बोट ठेवलं.

सांडशी कपाटाला टेकून उभा होता. चढव, तो मनातल्या मनात म्हणत होता. अजून चढव. साडू चढवत गेला. आकडा पुढे पुढे सरकत होता, त्याला अडवायला काही नव्हतं. सांडशीच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, अगदी भुकेल्या माणसाला सुटतं तसं.

तेवढ्यात फोटोवाला म्हणाला की पिंजऱ्यावर उजेड चमकतोय, फोटो येत नाही, दार उघडता येईल का? साडू म्हणाला, न यायला काय झालं? त्याने खिशातून एक चपटं लोहचुंबक काढलं आणि दाराच्या सेन्सरवर चिकटवलं. हा लाइनवरच्या जुन्या लोकांचा चालूपणा. सेन्सर लोहचुंबकाला बघतो, कंट्रोलरला वाटतं दार बंद आहे, आणि दार खुशाल उघडं टाकून रोबो चालवता येतो. सांडशीला हे ठाऊक होतं. सगळ्या लाइनवाल्यांना ठाऊक असतं. आपला साडू खिशात काय घेऊन हिंडतो, एवढं एकच त्याच्या हिशेबात आलं नव्हतं.

साडूने दार सताड उघडलं आणि डावरीला हाक मारली. ये, दारात उभी राहा, पहिली बरणी हातात घे, जुनं माणूस आणि नवं यंत्र, फोटो झकास येईल. ती आली. पकडीच्या समोर, दारात उभी राहिली. सवयीने तिने उजवा हात पाठीमागे घेतला होता. साडूचं बोट हिरव्या बटणाकडे गेलं.

सांडशीने कपाटावरच्या, रोबो थांबवायच्या लाल बटणावर तळहात मारला आणि तो तिथेच दाबून ठेवला.

सगळे वळून बघायला लागले. मालकीणबाईंनी विचारलं, काय झालं? सांडशीचा डाव डोळ्यांदेखत वाकडा झाला होता. पण साडूचा तो इस्त्रीचा शर्ट आणि वैतागलेला चेहरा बघितला, आणि एरवी न सुटणारी त्याची जीभ सुटली.

"काही नाही बाई. यंत्र तयार आहे. साडूभाऊ, दार उघडंच राहू द्या. जोरही तुम्ही चढवलाय तेवढाच राहू दे. फक्त तिच्या जागी तुम्ही उभे राहा. फोटो तुमचा जास्त चांगला येईल."

साडू म्हणाला हा काय पोरकटपणा, तोही बाईंसमोर. सांडशी म्हणाला, पोरकटपणा कसला, नुसतं उभं राहायचं. मालकीणबाईंनाही ते पटलं. त्या म्हणाल्या, अहो राहा ना उभे, इतकी वर्षं तुम्हीच तर सांभाळलंय सगळं. डावरी दारातून बाजूला झाली. जागा मोकळी होती. साडूने पडद्यावरच्या आकड्याकडे बघितलं, पकडीकडे बघितलं, त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. जागचा हलला मात्र नाही. त्याच्या कपाळावरून घाम निघाला आणि नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये गेला.

"अहो, काय झालं?" मालकीणबाई म्हणाल्या.

"फुटेल," साडू म्हणाला.

"कशी फुटेल? तुम्हीच तर आता नीट केलंत."

"एवढ्या जोराला फुटते. मागच्या वेळी एवढ्यालाच..." आणि त्याने ओठ मिटले.

सांडशी पुढचं विचारणार होता. इतक्या वर्षांत त्याने ते वाक्य मनात हजारदा घोटलं होतं. पण त्याच्या आधी डावरी बोलली.

"मागच्या वेळी कुणी चढवला होता?"

पट्टा थांबलेला. भट्टीची घरघर तेवढी ऐकू येत होती. साडू जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला, साडूभाऊ," सांडशी म्हणाला. "जेवताना तुमचा आवाज चांगला मोठा असतो."

"मी. मी चढवला होता."

सांडशीने त्याचं तोंड बघितलं. अगदी पोटभर बघितलं. गाल खाली ओघळलेले, डोळे कुठे ठेवावेत ते कळत नाही, सारा भारदस्तपणा ढिल्या कपड्यांसारखा अंगावर लोंबतोय. याच दर्शनासाठी तो इतकी वर्षं थांबला होता, आणि ते मनात धरलं होतं त्याहून गोड निघालं. शक्य असतं तर त्याने आणखी एकदा म्हणायला लावलं असतं.

डावरी मात्र साडूकडे बघतच नव्हती. ती पिंजऱ्यात शिरली. डाव्या हाताचं बोट तिने पकडीच्या रबरावरून फिरवलं, अंगठ्यावर चोळलं आणि बाहेर येऊन मालकीणबाईंपुढे धरलं. म्हणाली, हे तेल आहे. सकाळी यानं लावलं, मी बघितलं. मला वाटलं कामाचाच भाग असेल.

साडूने मान वर केली. सगळ्यांचे डोळे पुन्हा एकदा सांडशीवर आले, पूर्वी आले होते तसेच. या वेळी त्याने तोंड उघडलं.

"हो. मी लावलं."

"मी दारात उभी होते," डावरी म्हणाली.

"दार बंद असणार होतं."

"असणार होतं." तिने बोट पदराला पुसलं. "भांडण तुम्हा साडूसाडूंचं. दोन्ही वेळा पट्ट्यापाशी मीच."

साडूवर डाव टाकताना सांडशीने सगळ्यांचा विचार केला होता, मालकीणबाईंचा, गिऱ्हाइकांचा, बायकोचासुद्धा. हिचा हात त्याने स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून धरला होता. हिला स्वतःचं काही म्हणायचं असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

मालकीणबाई आवाज न चढवता बोलल्या. साडूला म्हणाल्या की उद्यापासून यायचं कारण नाही. सांडशीला म्हणाल्या की तुमच्या मालकांना मी कळवते, तुम्ही पुन्हा या फाटकात पाय ठेवू नका. सांडशीने निघण्यापूर्वी रबर स्वच्छ पुसलं, जोर खाली आणला, वरची हद्द घातली आणि सेन्सरवरचं लोहचुंबक काढून डावरीच्या डाव्या हातात दिलं. तिने ते घेतलं. या वेळी थुंकली नाही.

बसच्या थांब्यावर एकच बाक होतं. एका टोकाला साडू बसला, दुसऱ्या टोकाला सांडशी. डावरीचं बोलणं कुठे ठेवावं ते त्याला कळत नव्हतं. साडूबद्दल मात्र त्याला कणभरही वाईट वाटत नव्हतं. त्याने मन चाचपून बघितलं, खरंच वाटत नव्हतं.

साडू बोलला. आवाज बसलेला होता. "झालं ते झालं. दोघांचंही गेलं. घरी मात्र काही बोलू नकोस. हिला मी काहीतरी सांगेन, तब्येतीमुळे सोडलं म्हणून. मुलं मोठी झाली, जावई आलेत. एवढं कर माझ्यासाठी."

सांडशीने त्याच्याकडे बघितलं नाही. खिशातून फोन काढला, घरचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि लांब हात करून फोन साडूच्या तोंडासमोर नेला.

"हॅलो," बायकोचा आवाज आला. "अहो, आज लवकर कसा फोन? बरं झालं केलात, ताईपण इथेच बसलीय. हॅलो? बोला ना, ऐकू येतंय का?"

साडूने ओठांवरून जीभ फिरवली. समोरून बस आली, थांब्यापाशी हळू झाली आणि ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं. साडू अर्धवट उठलाही. सांडशीने मोकळ्या हाताने ड्रायव्हरला पुढे जायची खूण केली.